खेकडा काय म्हणाला

पपांचा शेवटचा मंगळवार नेहमीसारखाच गेला. मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही. तो समुद्राचा विसाव्याचा दिवस. पुरुष जाळी दुरुस्त करतात आणि संध्याकाळी पपा गोष्ट सांगतात. मी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि तळलेली मासळी घेऊन आले, तर माझ्या स्टुलावर कुणी अनोळखी तरुण बसलेला.

"ऊठ."

"तुझं नाव लिहिलंय का यावर?"

"आराबा. आता ऊठ."

"मी क्वामेना," तो हसत उठला. "पलीकडच्या गावचा. उभ्यानंही ऐकू येतं मला."

पपांची लाडकी गोष्ट सुरू होती. खेकडा समुद्राच्या लेकीला मागणी घालायला जातो, काठावर त्याला शब्दच फुटत नाही... आणि लाजून तो आडवा चालत परततो.

"थांबा," क्वामेना म्हणाला. "त्या दिवशी मी तिथं होतो."

असं म्हणून गोष्ट अडवायचा हक्क आमच्याकडे ऐकणाऱ्याला असतो. मात्र मग त्यानं गाणं म्हणायचं. त्याच्या गाण्यातला खेकडा बोलला—'तू मला आवडतेस'—आणि गाताना तो माझ्याकडे बघत होता. पपा पोट धरून हसले.

"गोष्ट बिघडवलीस," मी म्हणाले.

"बिघडली कुठं? तरुण झाली."

सकाळी पपा उठलेच नाहीत.

आमच्याकडच्या रिवाजानं दफन व्हायला बरेच आठवडे गेले. दर मंगळवारी क्वामेना पपांचं अर्धवट जाळं पुरं करायला यायचा. मी गाठीगाठीत खोट काढायचे. तो गाठ सोडून पुन्हा बांधायचा.

"माझी बोलणी गोड लागतात का रे?"

"मला मिरची आवडते."

मी मंगळवारची वाट बघू लागले, आणि त्याचाही मला राग यायचा.

दफनाच्या संध्याकाळी गेलेल्या माणसाचं ठेवतात तसं पपांचं रिकामं स्टूल आडवं करून ठेवलं होतं. आत्यानं त्यांची गोष्ट सांगायला घेतली. "...खेकडा म्हणाला, तू मला आवडतेस. पोरगी गप्पच. बिचारा आडवा परतला." सगळ्यांनी माना डोलावल्या. पपांवरची माती अजून ओली होती, आणि त्यांची गोष्ट कुणालाच आठवत नव्हती.

"थांब, आत्या," मी अडवलं. "त्या दिवशी मी तिथं होते."

माझ्या गाण्याला टाळ्यांचा ठेका धरायला हात वर झाले. खेकडा बोललाच नव्हता, एवढंच मला सांगायचं होतं. पण क्वामेना मान खाली घालून बसला होता. जाळं पुरं झालं होतं. उद्या तो गावी परतणार होता, आणि पुन्हा मंगळवारी यायला त्याला कारण उरलं नव्हतं.

"खेकडा बोलला होता," मी म्हणाले. "पोरगीच रागावली होती. बापाची गोष्ट बदलली म्हणून."

"मग?" क्वामेनानं हळूच विचारलं.

"मग काय... अजून रागातच आहे ती." गाणं काही सुचेना, म्हणून नुसतंच बोलले, "पण त्याला म्हणाली—जाऊ नकोस. तूही मला आवडतोस."