अंजन शे, गुरुजी

ही गोष्ट खरी आहे. चुडामण गुरुजींना ओळखणारा कुणीही सांगेल, त्या माणसाला साधी थापसुद्धा मारता येत नाही.

डिसेंबर दोन हजार तेवीस. शनिवार. वेळ रात्रीची नव्हे, दुपारी चारची. जागा फैजपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तलावाकाठचं वृक्षोद्यान.

गुरुजी निवृत्त. असोद्यातल्या मुलांना दर शनिवारी झाडं शिकवायची, एवढाच त्यांचा नाद. त्या दिवशी बरोबर नऊ मुलं होती.

सकाळपासून सगळंच बिनसत होतं. जीप दोन तास उशिरा आली. फाटकावरचा राखणदार वना परवानगीचा कागद उलटासुलटा करत बसला. वर तंबी दिली, "पाच वाजता फाटक बंद. पाण्याकडे जायचं नाही."

आणि मुलं? मुलांना झाडाशी देणंघेणंच नव्हतं.

गुरुजींची शिकवायची एक रीत होती. रुमालानं डोळे बांधायचे. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं चालायचं. झाड आलं की साल चाचपायची आणि नाव सांगायचं. पुढे गुरुजी, उघड्या डोळ्यांनी.

"हे कोणतं?"

"आंबा!" फैसल ओरडला.

"अरे, कडुलिंब आहे तो! तुझ्या दारात आहे!"

"गुरुजी, फोटो काढला की फोनच नाव सांगतो," चारुलता म्हणाली. सगळे खिदळले. रांगेच्या टोकाची सारिका तेवढी गप्प होती. तीन महिने झाले, तिनं एकाही झाडाचं नाव सांगितलं नव्हतं.

"आणि तुम्ही तर बघून सांगता," फैसल पुन्हा म्हणाला. "बांधा की तुम्ही पण डोळे!"

गुरुजी मुलांवर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. वाट पाठ होती, तलाव डावीकडे लांब होता. त्यांनी रुमाल काढला आणि स्वतःचे डोळे बांधले.

"चला. बघू कोण हुशार ते."

पंधरा पावलं चालले. हाताला साल लागली.

"सांगा."

पाण्यावर टिटवी ओरडत होती...

ती एकदम थांबली.

मग बारीक आवाज आला. "मोह शे, गुरुजी."

बरोबर!

गुरुजींचा जीव सुपाएवढा झाला. त्यात ती बोली! 'आहे'ला 'शे' म्हणणारी, त्यांच्या लहानपणीची, धुळ्याकडची. सारिकाचं आजोळ तिकडचंच. म्हणजे पोर अखेर बोलली!

पुढचं झाड. साल गुळगुळीत, पापुद्रे सुटलेली. गुरुजींनी विचारायच्या आधीच...

"अर्जुन शे."

"अगं, मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस? ये, पुढे हो. तूच दाखव वाट."

त्यांनी हात पुढे केला. खांदा हाताखाली आला. लहानसा. ओला.

नळावर खेळली असेल, गुरुजींना वाटलं.

"आखो एक शे पुढे, गुरुजी."

"आणखी एक? चल तर."

खांदा पुढे सरकत होता, गुरुजी मागे. त्यांच्या मागे मुलं. पायांखालचा पाचोळा वाजायचा थांबला. मुलांची कुजबुजही थांबली.

जमीन मऊ लागली...

मग गार.

"अंजन शे, गुरुजी. हात लावा."

गुरुजींनी दुसरा हात लांब केला. बोटांना काहीच लागलं नाही. आणि मागून हुंदका ऐकू आला.

त्यांनी रुमाल ओढून काढला.

ते गुडघाभर पाण्यात उभे होते. पुढे नुसता तलाव. त्यांचा डावा हात हवेत होता, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

त्यांनी झटकन मागे पाहिलं. एक, दोन, तीन... नऊ. डोळे बांधलेली नऊ मुलं, एकमेकांच्या खांद्यांवर हात. पुढची तिघं पाण्यात. सगळ्यांत शेवटी, काठावर, सारिका रडत होती.

"रुमाल काढा! मागे फिरा! सारिका, तू पुढे, पळ!"

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "मोह कोणी सांगितला?"

रूही हळूच म्हणाली, "कोणीच नाही, गुरुजी. तुम्ही एकटेच बोलत होता."

शनिवारचा वर्ग बंद झाला. पालक एकच विचारत, "पोरांना पाण्यात नेलंच कसं?" आणि ते बरोबरच होतं. पण तिथं काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. गुरुजी सांगू लागले की लोक पाण्याचा तांब्या पुढे करत. वयाचा मान राखून.

मे महिन्यात तलाव कधी नव्हे तो तळापर्यंत आटला. गुरुजी एकटेच गेले. वना कुरकुरत सोबत आला.

"तळ्यात कुठलं झाड आलंय, गुरुजी? मी वीस वर्षं बघतोय."

त्या दिवशी ते थांबले होते तिथून पंधरा-वीस पावलांवर, भेगाळलेल्या गाळात एक काळं खोड वर आलं होतं. वना बघतच राहिला.

गुरुजींनी सालीवर हात ठेवला. खरखरीत, उभ्या चिरा.

अंजन.

वनानं पाठीमागून विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

गुरुजींनी सालीवरचा हात काढून घेतला.

चाळीस वर्षं त्यांनी बरोबर उत्तराला शाबासकी दिल्याशिवाय मूल घरी पाठवलं नाही. तीनपैकी तीन नावं बरोबर सांगणारं ते एकच, आणि त्याची शाबासकी राहिली. संध्याकाळी ओट्यावर बसले की ती त्यांच्या ओठांवर येते.

पण ते बोलत नाहीत.

शाबास म्हटलं की पाठ थोपटायला त्यांचा हात आपोआप पुढे होतो...

आणि हात पुढे करायची त्यांना आता भीती वाटते.