अर्डिसचे दात

"माझ्या बायकोला या गावातल्या दातांच्या डॉक्टरने मारलं," म्हातारा म्हणाला. "कोणत्या, ते शोधून द्या."

डेलफिनाबाईंनी त्याला खुर्ची दिली. नाबोर दाराशीच उभा राहिला. पूर्वी तो टॅक्सी चालवायचा. आता बाईंची गाडी चालवायचा आणि त्यांच्याबरोबर चौकशीला फिरायचा. मेक्सिकोच्या सीमेवरच्या या अल्गोदोनेसमध्ये खडा भिरकावला तर तो दातांच्या डॉक्टरलाच लागेल, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

हा म्हातारा, लॉइड हॉगेन, हिवाळ्यात सीमेपलीकडे अमेरिकेतल्या युमाला फिरत्या घरात येऊन राहायचा. गेल्या हिवाळ्यात तो दर मंगळवारी बायकोला, अर्डिसला, इथे आणायचा.

"ती पिवळ्या इमारतीत शिरायची. मी समोरच्या बाकावर. बाहेर यायची ती गालात कापूस धरून. मी लाल सरबत आणून ठेवलेलं असायचं. ते स्ट्रॉने प्यायची, बूट काढायची, पाय बाकावर घ्यायची. बूट घट्ट होतात म्हणायची."

"तुम्ही आत कधी गेला नाहीत?"

"मला सुई बघवत नाही. तिला ठाऊक होतं."

"घरी काय खायची?"

"सूप. मीच करायचो, गाळून. आडवं झालं की दात ठणकतात म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. मार्चमध्ये तशीच गेली." तो थांबला. "तिकडच्या डॉक्टरने विचारलं, हल्ली दातांचं काही केलं होतं का? दातांतले जंतू हृदयात उतरतात म्हणे. आणि त्या इमारतीतला बेल्त्रान म्हणतो, अशी बाई आलीच नाही! मी तक्रार करून जो कोणी असेल त्याला टाळं लावणार."

"लावाल," बाई म्हणाल्या. "पण झोप तुमची कशाने उडालीय?"

लॉइडने टोपी हातात फिरवली. "इथे स्वस्तात होईल, हे माझं डोकं. ती नको म्हणत होती. पहिल्या खेपेनंतर मात्र एकदम तयार झाली." मग हळूच म्हणाला, "मीच आणलं ना तिला?"

बेल्त्रान तरुण होता आणि घाबरलेला होता. दात काढून निघालेल्या एका बाईला तो दारातून बजावत होता, "कडक खायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही. जखमेवरची गुठळी निघाली तर रक्त थांबणार नाही, मावशी!"

अर्डिसचा फोटो पाहून त्याने नकारार्थी मान हलवली. "बाई, आईची शपथ. तो म्हातारा रोज दारात ओरडतो, माझे पेशंट पळतात. पण हिच्या तोंडात मी कधी आरसाही घातला नाही."

बाहेर गिऱ्हाईक ओढणारा रुफिनो उभा होता. "हिला? ओळखतो की! पहिल्या दिवशी इथेच पायरीवर बसली, दम लागला होता. मी पाणी दिलं. पुढे मला विचारायचीच नाही, थेट आत. माझी बायको मागच्या दारी टोस्टाडा, मक्याची कडक तळलेली पोळी, विकते, तिची पक्की गिऱ्हाईक. उभ्या उभ्या खायची, कुडुमकुडुम."

"खोटं बोलतोय," नाबोर पुटपुटला. "दातदुखीवाली बाई टोस्टाडा खाते होय?"

त्याच इमारतीतल्या चष्म्याच्या दुकानातली अम्पारो म्हणाली, "नजर घारीची होती तिची. चष्मा कशाला लागतोय? पण जाताना दर खेपेला कापूस मागायची. लिपस्टिक पुसायला, म्हणे. जिना माझ्या दुकानामागूनच आहे ना, तिथून यायची."

"वर कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"वर जाऊन काय उपयोग?" नाबोर म्हणाला. "वर दातांचं कोणी नाही. म्हातारे डॉक्टर लिसाररागा असतात. माझ्या आईचं हृदय त्यांनीच सांभाळलं. परदेशी माणूस तिथे फिरकत नाही."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "नाबोर, अख्खं गाव तुझ्यासारखं आहे. सीमा ओलांडून कोणी आलं की ते दातांसाठीच आलं."

संध्याकाळी सगळे लिसाररागांच्या खोलीत जमले. लॉइड भिंतीला पाठ लावून बसला.

"अर्डिसचा एकही दात कोणी काढला नाही," बाई म्हणाल्या. "काढला असता तर तिला स्ट्रॉ लावू दिली नसती. तिला टोस्टाडा चावता आला नसता. गालातला कापूस अम्पारोच्या दुकानातला. तो तुमच्यासाठी होता, लॉइड."

"माझ्यासाठी?"

"चार पावलांत दम लागणारी, पाय सुजून बूट घट्ट होणारी, आडवं झालं की गुदमरणारी बाई. हे दातांचं दुखणं नाही. पहिल्या दिवशी ती दातांसाठीच आली होती. दम लागला, रुफिनोने पाणी दिलं, आणि मग कोणीतरी तिला वर आणलं."

"मीच," रुफिनो म्हणाला. "कोणाला सांगू नको म्हणाली होती."

लिसाररागांनी चष्मा काढला. "झडप निकामी झाली होती. ऑपरेशनला तिकडे परत जा म्हणालो, दर मंगळवारी म्हणालो. ती म्हणायची, ऑपरेशनसाठी लॉइड घर विकेल आणि आमचा हिवाळा हॉस्पिटलात जाईल. मला हिवाळा हवाय. मी औषधं देत राहिलो. तुम्हाला न सांगण्याचं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, साहेब."

नाबोरला वाटलं, म्हातारा आता लिसाररागांवर धावून जाईल.

"म्हणजे इथे आणल्यामुळे ती गेली नाही," लॉइड म्हणाला.

"इथे आणल्यामुळे तिला तो हिवाळा मिळाला," बाई म्हणाल्या.

"आणि दात?"

"चांगले असावेत."

लॉइडच्या घशातून आवाज निघाला. हसू की रडू, नाबोरला कळलं नाही. "सगळा हिवाळा तिने माझं सूप प्यायलं. रोज दोन वाट्या. सूप आवडायचंच नाही तिला! उलट म्हणायची, लॉइड, आज मीठ बरोबर पडलंय."

तो उठला. दारात बेल्त्रानपाशी थांबला, त्याचा दंड दाबला आणि जिना उतरला.

खाली रुफिनोची बायको सामान आवरत होती. लॉइडने एक टोस्टाडा मागितला, समोरच्या बाकावर जाऊन बसला आणि एक तुकडा तोंडात टाकला. त्याला कवळी होती. तुकडा मऊ होईपर्यंत तो तोंडात धरून राहिला. नाबोर गाडीत न बसता तिथेच उभा राहिला. बाईंनीही त्याला हाक मारली नाही.