निर्भय पट्टीची जागा

तळकोटच्या प्रयोगशाळेत डॉ. चारुशीला देवस्थळीने रक्ताचा तोच नमुना पुन्हा एकदा यंत्राला दिला आणि यंत्राने पुन्हा तोच आकडा दाखवला. बाबी कुबलच्या रक्तात निर्भय या औषधाचं प्रमाण असायला हवं त्याच्या सहापट होतं. यंत्र बिघडलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. यंत्र दुरुस्त करता येतं.

तळकोट म्हणजे समुद्राच्या तळाशी बांधलेलं खाणकामाचं ठाणं. सूर्याचा एक किरणही तिथवर पोचत नसे. बावीस कामगार दाबपोशाख चढवून बाहेर पडत आणि तळावरचे खनिजगोळे वेचणाऱ्या यंत्रांची देखभाल करत. सुरुवातीच्या काळात चांगले धडधाकट गडी बाहेर जाऊन पांढरेफटक होऊन परत यायचे. त्या काळोखात छाती आवळली जाते, स्वतःचाच श्वास परका वाटायला लागतो. ठाण्यावर या प्रकाराला तळभय म्हणत. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे निर्भय पट्टी. कातडीला चिकटवायची, औषध कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं. गोळी नको आणि सुई नको. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर लावायची, हे चारुशीलाने स्वतः ठरवून दिलं होतं. कंपनीने त्वचातज्ज्ञ म्हणून तिला पगार दिला तो त्याचसाठी.

तिने पाळीचा प्रमुख असलेल्या बाबीला बोलावून घेतलं आणि पट्टी कुठे लावतोस ते विचारलं. मालवणच्या त्या उंच्यापुऱ्या माणसाने शांतपणे टोपी मागे सारली. पट्टी डाव्या कानशिलावर होती. घरी डोकं दुखलं की आई सुंठ उगाळून कानशिलावर लेप द्यायची, असं त्याने सांगितलं. भीतीही डोक्यातच बसते, मग तिचं औषध हाताला लावून काय उपयोग, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो सगळ्या पाळीला पटला होता आणि पंधरवड्यापूर्वीच एकूणएक पट्ट्या हातावरून उठून कानशिलावर गेल्या होत्या. चारुशीलाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. निनाद सबनीस मूळचे औषधरसायनाचे. निर्भयचा रेणू त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता आणि त्याच्या जोरावर ते संचालक झाले होते. गेल्या पंधरवड्यात ठाण्याचं उत्पादन दीडपट झाल्यामुळे स्वारी भलतीच खूश होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पट्टी तीच, औषध तेच. मग सहापट आलं कुठून?"

"जागेतून," चारुशीला म्हणाली. "कातडी सगळीकडे सारखी नसते, सर. तळपायाची जाड असते. तिथे हीच पट्टी लावली, तर हाताच्या मानाने जेमतेम सातवा हिस्सा आत जाईल. कपाळ आणि कानशिलाची कातडी पातळ, तैलग्रंथी दाट, खाली रक्तवाहिन्यांचं जाळं. तिथून औषध धो धो आत जातं. पट्टीवर आपण छापतो तो नुसता आकडा. खरी मात्रा ठरवते ती जागा."

सबनीसांनी विचारलं, घेरी येते का, बुद्धी मंद होते का, हात थरथरतो का. तिने सगळं तपासलं होतं. गणितं बिनचूक सुटत होती, गाठी पटापट मारल्या जात होत्या, स्मरणशक्ती शाबूत होती.

"मग अडचण काय आहे?"

"अडचण हीच की त्यांच्यात भीती उरलेली नाही. हातावर लावली की काळोखाचं भय जातं, बाकीचं जागेवर राहतं. सहापट मात्रेत सगळंच जातं. ही भीती कामाची, ती बिनकामाची, असं रेणूला ओळखता येत नाही. माणूस धोक्यापासून मागे सरतो तो भीतीमुळे. तीच काढून घेतलीत तर त्याला मरणाच्या तोंडात कोणीही पाठवू शकेल."

हे वाक्य बोलायला नको होतं, हे तिला सबनीसांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली होती. ठाण्याच्या उत्तरेला एक घळ होती. तिच्यात खनिजगोळ्यांचा खच पडलेला होता, पण उतार ठिसूळ होता. एकदा दरड कोसळून दोन यंत्रं गाडली गेली होती. पुन्हा यंत्रं उतरवायची, तर माणसांनी आत जाऊन वाट मोकळी करायला हवी होती. पट्ट्या हातावर होत्या तोवर कामगार धाकदपटशाने घळीच्या तोंडापर्यंत जात आणि तिथे पाय लटपटले की परत येत.

सबनीसांनी तिथल्या तिथे हुकूम तयार केला. उद्यापासून पट्टी कानशिलावरच, आणि उद्याची पाळी घळीत. खाली फक्त त्वचातज्ज्ञाची सही हवी होती.

चारुशीलाने सही केली नाही. सबनीसांनी आधी समजावून पाहिलं, मग आवाज खाली आणून सांगितलं, की ही नोकरी तर जाईलच, पण या क्षेत्रात तिला कोणी दारातही उभं करणार नाही. ते तसं करू शकत होते. आणखी दोघांच्या बाबतीत त्यांनी तसं केलंही होतं. इतकी वर्षं घासूनपुसून उभं केलेलं आयुष्य हा माणूस एका फोनवर मोडू शकतो, हे तिला लख्ख दिसत होतं.

"मला भीती वाटते आहे," ती म्हणाली, "आणि तरीही मी सही करणार नाही."

"मग तुम्हालाच एका पट्टीची गरज आहे," असं म्हणून सबनीस हसले आणि सहीवाचून हुकूम जारी झाला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी चारुशीला बुडीकक्षात, म्हणजे समुद्रात उतरायच्या खोलीत, जाऊन बाहेरच्या झडपेला पाठ लावून उभी राहिली. तिच्या अंगात बावीस जणांना अडवण्याची ताकद नव्हती, पण निदान तिला उचलून बाजूला ठेवावं लागेल, एवढं तरी सबनीसांनी सगळ्यांच्या देखत करावं, असा तिचा हट्ट होता. संतापाने तिचे कान तापले होते. कामगार पोशाख चढवून आले. प्रत्येकाच्या कानशिलावर पट्टी होती आणि चेहरे देवळातून आल्यासारखे निवांत होते. मागोमाग सबनीस आले आणि त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही.

बाबी पुढे झाला. "बाई, वायच बाजूक व्हा. माका सायबांशी बोलूचा आसा."

तो सबनीसांच्या समोर जाऊन उभा राहिला. पूर्वी साहेबांशी बोलताना त्याची नजर त्यांच्या बुटांवर असायची. आज ती सरळ त्यांच्या डोळ्यांत होती.

"सायबानू, त्या घळीत दरड परत कोसळतली काय?"

शक्यता नाकारता येत नाही, पण ती फार कमी आहे, असं सबनीस म्हणाले.

"म्हंजे कोसळतली. आमी जावचव नाय."

सबनीसांनी आधी तोच हुकूम पुन्हा सुनावला. मग त्यांनी ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. पगार कापला जाईल, करार मोडला म्हणून वर खटला भरला जाईल, किनाऱ्यावरच्या एकाही बंदरात काम मिळणार नाही. एरवी यातल्या पहिल्याच वाक्याला माना खाली गेल्या असत्या. बावीस जणांनी ते सगळं हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात तसं ऐकून घेतलं. कोणी चिडलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. एक जण पोशाखाचे बंद सोडायला लागला.

"पयलां घळीच्या तोंडार गेलव, ता तुमच्या भियान," बाबीने समजावून सांगितलं. "आता ता भिया रवला नाय. मगे जावचा कित्याक?"

चारुशीलाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. कालचं तिचं बोलणं चुकलं होतं. दरड कोसळते हे समजायला भीती लागत नाही, बुद्धी लागते, आणि ती तर शाबूत होती. त्या बुद्धीचा गळा आजवर दाबून धरला होता तो साहेबाच्या भीतीने. रेणूला भीती-भीतीतला फरक कळत नाही, हे ती स्वतःच म्हणाली होती. तिला आणि सबनीसांना, दोघांनाही, भीती म्हटल्यावर घळच आठवली. ठाणं चालत होतं त्या भीतीचं नाव दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

"पट्ट्या काढा," सबनीस ओरडले. "सगळ्यांनी, आत्ताच्या आत्ता."

सगळ्यांनी निमूटपणे पट्ट्या काढून दिल्या. चारुशीलाने मग सबनीसांना सांगितलं, की पट्ट्या काढून आज काही होणार नाही. कातडीचा वरचा थर औषध पिऊन बसतो आणि पट्टी काढल्यावरही झिरपत राहतो.

"उद्या तर उतरेल?"

"उद्या उतरेल. पण साहेबांना तोंडावर नाही म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना उद्याही आठवेल. स्मरणशक्ती शाबूत राहते, सर. मी तपासलं आहे."

कामगार एकेक करून आत निघून गेले. तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. वरच्या मुख्य कार्यालयाचा फोन होता. पाळी घळीत उतरली का, एवढंच त्यांना हवं होतं. सबनीसांचा हात बटणापर्यंत जाऊन मागे येत होता.

"यांना मी आता काय सांगू?" ते पुटपुटले.

वरच्या साहेबाची ती भीती चारुशीलाच्या चांगल्या ओळखीची होती. या घटकेलाही ती तिच्यात होती. त्या खोलीत औषधावाचून उभी असलेली तेवढी दोनच माणसं होती. तिने टेबलावरचा पट्ट्यांचा डबा उघडला, एक नवी पट्टी काढली आणि तिच्या मागचा कागद सोलला.

"कुठे लावू, सर? हातावर, की कानशिलावर?"