सत्तेचाळीस गळे

त्याच्या गळ्यात काळ्या दोरीला काहीतरी लटकत होतं, आणि मला वाटलं, शिट्टी आहे.

दिवाळीच्या तोंडावरचा पाऊस भुरभुरत होता. कंपनीची बस पुलाच्या उतारावर आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि दांडी धरून उभ्या असलेल्या त्या नव्या माणसाची फाईल थेट माझ्या मांडीवर आली... माझ्या चिंचभाताच्या डब्यावर.

“कुठल्या शाळेत खेळ शिकवता, मास्तर?” मी फाईल परत देत विचारलं.

“शाळेत नाही. तुमच्याच कंपनीत आलोय.”

“अगंबाई! म्हणजे आता आम्ही कवायत करायची?”

“तुम्ही शिवायचं. मी नुसतं बघायचं.” तो हसला. “आणि ही शिट्टी नाहीये.”

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. तीन. का कोण जाणे, मी ते मोजले.

कारखान्यात पोचल्यावर कळलं, ते स्टॉपवॉच होतं. त्याचं नाव मुगिलन. कुठलं मशीन किती वेळ चालतं, किती वेळ रिकामं बसतं, कुठल्या शिवणीला किती सेकंद लागतात, हे मोजायला मालकांनी त्याला कोइंबतूरहून आणलं होतं. त्यावरून ताशी किती टी-शर्ट निघायला हवेत, ते ठरणार होतं.

आता तिरुपूरच्या बायांना घड्याळवाले काही नवे नाहीत. असा कुणी आला की आमच्या लाईनीच्या टोकाला खांदे जोडणारी चेल्लम्मा अक्का खोकते. खोकला ऐकला की अठ्ठावीस बायांचे हात एकदम जड होतात. कुणाची कात्री हरवते, कुणाचा दोरा सुईत जात नाही. कारण एकदा वेग दाखवला की तो आकडा कायमचा मानगुटीवर बसतो. मग सहाची बस चुकते, आठची घ्यावी लागते. अक्काची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. अक्का घरी पोचेपर्यंत ती म्हातारी उपाशी राहते.

त्यातून मी, तामरै, गळे शिवते. टी-शर्टाचा गळा म्हणजे सगळ्यात किचकट शिवण, म्हणून गळ्याचा जो वेग तोच अख्ख्या लाईनीचा वेग. एवढं सगळं मला पाठ होतं. तरीही मी जे केलं ते केलंच.

पहिले दोन दिवस तो माझ्या मशीनवरून जाताना हळूच विचारायचा, “शिट्टी वाजवू?” मी म्हणायची, “वाजवा की. सगळ्या पळून जाऊ, मग मोजा मशीनं.” एवढंच. पण त्या एवढ्याशावर माझे आठ तास कसे निघून जायचे, मलाच कळायचं नाही. केसांत अडकलेली कापसाची लव मी जेवणाच्या सुट्टीत चक्क आरशात बघून काढू लागले.

तिसऱ्या दिवशी तो अमुदाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

अमुदा माझ्या पुढच्याच मशीनवर बाह्या लावते. माझा गळा झाला की कपडा तिच्याकडे जातो. गोरीपान, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, केसांत अबोलीची वेणी. मैत्रीण आहे माझी. होती, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. कारण मुगिलन तिच्यापाशी उभा तो उभाच. तोंड माझ्याकडे, पण बोलणं तिच्याशी. मग ती काहीतरी बोलली आणि दोघं खो-खो हसली. तो तर लाजलासुद्धा! मत्सर मला लहानपणापासूनच जास्त. धाकट्या बहिणीची वेणी आई माझ्याआधी घालायची तेव्हाही मी जेवायची नाही. इथे तर तळपायाची आग मस्तकात गेली. तो तिथून हलेपर्यंत मी सत्तेचाळीस गळे शिवले. एकेक मोजून.

मग तो माझ्यापाशी आला. “आता तुमचे दहा गळे मोजतो हं.”

अक्का खोकली. मला ऐकू आलं. पण मी अमुदाच्या वेणीकडे पाहिलं आणि पेटले. बघ म्हणावं, या लाईनीत हात कुणाचे चालतात ते! दहाच्या दहा गळे मी असे सोडले की मशीन तापलं. अक्का पुन्हा खोकली, बिचारी कासावीस होईपर्यंत खोकली.

मुगिलननं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. “एकवीस सेकंद,” तो पुटपुटला.

जेवायला बसलो तेव्हा माझ्या शेजारी कुणी बसेना. अक्का रोज मला अर्धा अप्पळम-पापड मोडून देते. त्या दिवशी तिनं अख्खा स्वतः खाल्ला.

“एकवीस सेकंद म्हणजे विश्रांती धरून ताशी दीडशे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “आज शंभर निघताना जीव जातो. तुझे एकवीस सेकंद माझ्या सासूला भरव आता.”

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर ठीक होतं. मी सत्तावीस जणींच्या पायांवर पाडला होता.

चहाच्या सुट्टीत मी इस्त्रीविभागाशेजारच्या त्याच्या टेबलापाशी गेले.

“सर, माझा तो आकडा खोडा.”

“का?”

“खोटा आहे तो.”

“खोटा? मी डोळ्यांनी पाहिला.” त्यानं कागद पुढे केला. माझे दहा आकडे ओळीनं, आणि शेवटी एक रिकामा रकाना. “खोडता येतो. पण इथे कारण लिहावं लागतं. दोरा तुटला, वीज गेली, काहीतरी. उद्या मालक विचारणार.”

“लिहा... बाई पिसाळली होती.”

“कशानं?” त्यानं पेन उचललं. डोळे मात्र कागदावर नव्हते.

“तुम्हाला नाही माहीत? तिथे बावीस मिनिटं दात काढत उभं राहायचं, आणि वर मला विचारायचं!”

“बावीस मिनिटं कशावरून? तुमच्याकडे तर घड्याळ नाही.”

“भिंतीवर आहे ना घड्याळ! सत्तेचाळीस गळे झाले माझे तेवढ्यात! मी काय आंधळी आहे?”

कागदाच्या कोपऱ्यात त्यानं भागाकार केला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“अठ्ठावीस सेकंद,” तो म्हणाला. “तामरै, हा तुमचा खरा वेग. सगळी लाईन मी आलो की खोकते, मला काय कळत नाही? तीन दिवस खरा आकडा शोधतोय. विश्रांती धरून ताशी एकशे दहा. जमेल?”

मी मनातल्या मनात सहाची बस गाठून पाहिली. गाठता येत होती. “जमेल,” मी म्हणाले, आणि मगच माझ्या ध्यानात आलं, मत्सराच्या भरात आपण काय बोलून बसलो ते. कान तापले. मी वळले.

“थांबा. अमुदाचं मशीन रिकामं किती बसतं ते मोजायला मला दहा मिनिटं पुरली असती.”

“मग वरची बारा?” माझ्या तोंडून गेलंच.

“ती का हसली, ते विचारा ना तिलाच.”

मी तडक अमुदाकडे गेले. ती वेणी सारखी करत होती.

“अगं, हसू नको तर काय करू?” ती म्हणाली. “माणूस घड्याळ हातात धरून तुझ्याकडे बघतोय, बघतोय... मी म्हटलं, सर, ते चालू तरी करा! बटणच दाबलं नव्हतं गं त्यानं.”

दुसऱ्या दिवशी कागद फळ्यावर लागला. गळा, अठ्ठावीस सेकंद. ताशी एकशे दहा. अक्का वाढलेल्या दहांबद्दल कुरकुरली, पण मला अर्धा अप्पळम मिळाला. सगळ्या पांगल्यावर मी शेवटचा रकाना वाचला. माझ्या खोडलेल्या आकड्यांपुढे त्यानं लिहिलं होतं: ‘चूक मोजणाऱ्याची. चुकीच्या मशीनपाशी उभा राहिला.’

मालक ते वाचणार होते. त्यानं तरी लिहिलं होतं.

सहाची बस सगळ्यांना मिळाली. मुगिलन चढला, तशी अमुदा लबाडपणे म्हणाली, “सर, इकडे या, इथे उभं राहायला ऐसपैस जागा आहे.”

तिची थट्टा होती, हे मला कळत होतं. तरीही पोटात दुखलंच. मी माझी जागा सोडून उठले आणि दांडी धरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“बसा की,” तो हळूच म्हणाला. “दमला असाल.”

“उद्या दुसऱ्या लाईनीत जाणार ना मोजायला?”

“हो.”

“एकेकीपाशी दहा मिनिटं. अकरावं नाही.”

“आणि तुमच्यापाशी?”

मागून अक्का जोरात खोकली, म्हणजे सावकाश घे गं पोरी, आणि सगळी बस हसली.

पण अक्काचं मी आधी कुठे ऐकलं होतं? मी दांडीवरचा हात सरकवला, आणि तो त्याच्या हाताला टेकला तिथेच राहू दिला.