पाणी पिणारे

आमच्या प्रयोगशाळेत उंदीर दारू प्यायचे आणि आम्ही टिपणं काढायचो. बर्डीच्या बाजारात ओळखीचे लोक हसून विचारायचे, "काय मधुकरराव, उंदरांसोबत तुमचीही एखादी होते का?" मी थेंबालाही शिवलेलो नव्हतो, आणि त्याचा मला जरा गर्वच होता.

ते १९७४ साल. उंदीर पिढ्यानपिढ्या वाढवून आम्ही त्यांची दोन घराणी केली होती. एक घराणं पिऊन झोपायचं. दुसरं पिऊन चवताळायचं, सख्ख्या भावाचा कान तोडायचं. या दुसऱ्यांच्या मेंदूत एक रसायन कमी भरायचं. ते उणेपण बापाकडून पोराला जायचं, पण दारू मिळेपर्यंत निजून राहायचं. हे कागदावर सिद्ध झालं त्या दिवशी मी सुटकेनं रडलो. माझ्या आजोबांनी पिऊन आजीचा डोळा फोडला होता. वडिलांनी आईचा हात पिरगाळून मोडला होता. नीलाशी लग्न केलं तेव्हा मला तेवढी एकच धास्ती होती.

मे महिन्यात त्या चवताळणाऱ्या घराण्यातले, जन्मापासून फक्त पाण्यावर ठेवलेले उंदीर भांडायला लागले. एका दुपारी एका पिंजऱ्यात चारांपैकी एकच जिवंत सापडला, तोही दुसऱ्याच्या पोटात तोंड खुपसून. बाटल्या भरायचं काम आमच्या अटेंडंटचं, बळीरामचं. त्यानंच दारूची आणि पाण्याची अदलाबदल केली असणार, म्हणून मी त्याला फैलावर घेतलं. त्यानं बाटली उचलून सरळ तोंडाला लावली. पाणीच होतं.

"सायेब, तुमी आत आले का हे भांडतेत," तो म्हणाला. "मी एकटा असलो का गुमान राह्यतेत."

मी बाहेर गेलो. आत सगळं शांत झालं. परत आलो, तर बाकीच्या पिंजऱ्यांत चिरकणं सुरू आणि तारेवर रक्त. तीनदा करून पाहिलं.

"राग मानू नका सायेब," बळीराम खाली बघत म्हणाला. "तुमच्या तोंडाले वास येऊन राहिला."

"कशाचा?"

"मोहाच्या दारूचा."

रक्तात दारू असली की आमचं केशरी द्रावण हिरवं व्हायचं. मी स्वतःचं रक्त काढलं. सकाळपासून पोटात भाकरी, ताक आणि माठाचं पाणी, एवढंच होतं. द्रावण हिरवं झालं. नवं द्रावण केलं. बळीरामचं रक्त घातलं, केशरीच राहिलं.

माझं पुन्हा हिरवं झालं.

नीलाला काटोलला माहेरी पाठवायचं, आजच, शेवटची एसटी सुटायच्या आत. मी सायकल दामटली. तिच्यावर हात उचलण्याआधी कळलं हे नशीब, असं वाटभर स्वतःला सांगत होतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन पुरतं उतरलं नव्हतं. नीला स्वयंपाकघरात बसून हातातल्या बांगड्या एकेक काढून डब्यात ठेवत होती. मनगटांवर बारीक पांढरे वण होते. मी ते कधी पाहिले नव्हते.

"बांगड्या काहून काढून राहिली?"

"रोजच काढते, तुमी यायच्या आधी. फुटल्या का रुततात."

उठून तिनं रस्त्याकडची खिडकी लावली. कडी घातली.

"आज आधी जेवता," तिनं विचारलं, "का मागून?"