पाऱ्याचं शिखर

झाशीच्या मे महिन्यात अख्ख्या प्रयोगशाळेत एकच वस्तू गार असायची, ती म्हणजे गॅमा मोजणारं यंत्र; आणि नेमकं त्याच्याजवळ बसायला सरकारची मनाई होती. शेजारी मेणाच्या पिंपात न्यूट्रॉनांचा स्रोत. दांडा ओढला की तो वर येई, नमुन्यावर मारा करी, आणि नमुन्यात पारा असला तर पडद्यावर पाऱ्याचं शिखर उभं राही.

आजचा नमुना म्हणजे मेलेल्या वामनचे केस. लोकोशेडमधला फिटर, उजव्या हाताला चारच बोटं, तीही बायकोवर पुरेपूर वापरलेली. सुनेनं दुधातून पारा पाजला, असं त्याच्या आईचं म्हणणं. कागदावर सून कुसुमावती होती. लग्नात नाव बदललेली ही नमुना तपासणाऱ्या अनंतरावांचीच धाकटी बहीण बकुळ, हे प्रयोगशाळेच्या साहेबांना ठाऊक नव्हतं आणि अनंतरावांनी सांगितलं नाही. शिखर उठलं नाही तर ती सुटणार होती. तोवर जामिनावर, त्यांच्याच घरी.

त्यांनी दांडा ओढला. जरा वेळानं घरून फोन आला. शेजारच्या राधाबाई.

"अहो अनंतराव, जल्दी या! बकुळला कोणीतरी बदडतंय. मी समोर उभी आहे, दिसत कोणीच नाही! ओठ फुटला हो!"

अनंतरावांनी दांडा खाली ढकलला.

"थांबलं... गालावर बोटं उठलीत. चारच."

अनंतराव विज्ञानाचे पदवीधर. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. त्यांनी दांडा पुन्हा ओढला.

थप्पड फोनवर स्वच्छ ऐकू आली. मग भांडी. मग काहीतरी मोडलं, ते भांडं नव्हतं.

दांडा खाली. आता फोनवर बकुळ होती.

"मी बंद करतो हे," अनंतराव म्हणाले.

"अर्धवट मोजलेलं कोर्टात चालेल, दादा?"

"नाही."

"मग चालू दे. मला सवय आहे. राधाकाकूंना तेवढं घरी जायला सांगते."

त्यांनी दांडा ओढला. फोन ठेवला नाही. कानालाही लावला नाही.

पडद्यावरची रेघ हळूहळू स्थिरावली.

पाऱ्याच्या जागी काहीच उठलं नाही.

'आढळला नाही' असं लिहून त्यांनी सही केली, केस पाकिटात घातले, दांडा खाली ढकलून स्रोताला कुलूप लावलं आणि सायकल हाणत घर गाठलं.

बकुळ ओसरीवर बसली होती. एक डोळा मिटलेला, हात पदरात बांधलेला.

"सुटले?"

"सुटलीस."

ती हसली. "मग याला सांग ना."

तिची वेणी पाठीवर पडली नव्हती. मुठीत धरल्यासारखी मागे ताणून, हवेत आडवी होती.