छातीच्या उंचीवर

झाडाला भोक पाडायचं ते छातीच्या उंचीवर, हा आमच्या कामातला पहिला धडा. पोकळ गिरमिट फिरवत आत न्यायचं, पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढायची आणि तिच्यावरची वलयं वाचायची. भोक बुजवायचं नाही. वाढतं झाड ते स्वतःच बुजवतं.

कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत पाइनची रांग आहे. माझा थोरला भाऊ तिथं भट्टीवर कामाला. जेवणाच्या सुट्टीत दादा नेहमी शेवटच्या झाडाला टेकून बसतो, इतका की तिथली साल गुळगुळीत झाली आहे. त्या दिवशीही तो तिथंच होता.

"काय डॉक्टर, आज माझ्या झाडाला सुई का?"

"तू बस. मी पलीकडून टोचतो."

गिरमिट आत जाताना दादा खोकला. भट्टीवरचे सगळेच खोकतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

प्रयोगशाळेत काडी लाकडी पट्टीवर चिकटवली आणि नेहमीप्रमाणे वरचा अर्धा भाग घासून सपाट केला. भिंगाखाली धरली. पाऊस नसलेल्या वर्षाचं वलय बारीक असतं. पुढच्या वर्षी झाड ती कसर भरून काढतं. इथं मात्र कारखाना सुरू झाल्यापासून चांगल्या पावसाची वर्षंही दोऱ्याएवढी होत गेली होती. दादा भट्टीवर लागला तिथून पुढं तर वलयंच नव्हती. झाड हिरवं होतं, उभं होतं, फक्त वाढत नव्हतं.

असे योगायोग मी पुष्कळ पाहिलेत. घरी कुणाला बोललो नाही.

दोन-तीन दिवसांनी वहिनी दादाचा बनियन उजेडाकडे धरून उभी होती. छातीवर मधाच्या रंगाचा डाग होता.

"भावजी, हा कसला चीक? साबणाला दाद देत नाही."

मी वास घेतला. पाइनची राळ होती.

दादानं शर्ट वर केला. छातीच्या मधोमध बारीक, गोल भोक. रक्त नाही, सूज नाही.

"दुखत नाही रे," तो म्हणाला. "दवाखान्यात दाखवलं. म्हणाले, फोड फुटला असेल, येईल भरून."

जे झाड वाढतच नाही, त्याचं भोक कसं भरून येणार?

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, अशी माझी सवय. तरी सकाळी काडी पट्टीवरून सोडवली आणि झाडाकडे गेलो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्याकडे तीही अर्धीच होती. बाकीची भुसा होऊन केरात गेली होती.

भोकातून उबदार हवा येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती.

मी काडी आत सरकवली. सैल बसली. याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि मला रडू आलं.

संध्याकाळी दादा खुशीत होता. "बघ, गळायचं थांबलं."

आम्ही जेवायला बसलो. वाढता वाढता वहिनी थांबली. कुठूनतरी बारीक शिट्टी वाजत होती.

"भावजी, तेवढी खिडकी लावा ना. वारा शिरतोय."

मी उठून खिडकीशी गेलो. ती लावलेलीच होती.

वळून पाहिलं. दादा माझ्याकडेच बघत होता, श्वास रोखून.

शिट्टी थांबली.

"हं, आता बरं झालं," म्हणत वहिनी पुन्हा वाढू लागली.